गोव्यासाठी देणगीवर चालणारी हेलिकॉप्टर वैद्यकीय सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवा आणि त्याच्या लगतच्या तालुक्यांसाठी लोकांच्या देणगीतून आपत्कालीन हेलिकॉप्टर सेवा उभी करता येईल का, याचा अभ्यास आमचा गट करीत आहे. ग्रामसभांत, संस्थांच्या बैठकांत आणि पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ही सेवा अद्याप अस्तित्वात नाही, म्हणून आज कोणावर प्रसंग ओढवला तर कृपया 108 वरच फोन करावा.

1. विमानाने रुग्णाला मुंबईला किंवा बंगळुरूला नेतात, तीच ही सेवा का?

नाही. एका इस्पितळातल्या रुग्णाला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात विमानाने हलवण्याची सेवा खासगी कंपन्या पैसे घेऊन देतात आणि ती आधी ठरवून होते. आम्ही ज्या सेवेविषयी बोलत आहोत ती अपघात किंवा आकस्मिक आजार जिथे घडला तिथे, मग तो घाटातला रस्ता असो, काजूची बागायत असो किंवा घराचे अंगण असो, आपत्कालीन उपचारांत तयार झालेला डॉक्टर आणि पॅरामेडिक यांना काही मिनिटांत पोचवते. रुग्णाला परत हेलिकॉप्टरमधूनच नेले जाईल असेही नाही. पुष्कळदा डॉक्टर रुग्णासोबत 108 च्या गाडीत बसून इस्पितळात येतो आणि हेलिकॉप्टर रिकामे परतते. खालची बहुतेक उत्तरे या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

2. गोवा एवढासा आहे. इथे हेलिकॉप्टर कशाला हवे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंडा या शहरांत आणि त्यांच्या आसपास हेलिकॉप्टरचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तिथे 108 ची गाडी किंवा दुचाकीवरचा आरोग्यसेवक त्याच्या आधी पोचतो. प्रश्न आहे तो सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या तालुक्यांचा. तिथून गंभीर जखमीला अखेरीस बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच, म्हणजे गोमेकॉतच, आणावे लागते आणि वाट घाटातली किंवा रहदारीची असते.

आकारमानाचा मुद्दा उलट बाजूनेही पाहावा. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर असून उत्तर-दक्षिण लांबी 105 किलोमीटरच्या आसपास आहे. जर्मनीत 1970 साली म्युनिक येथे अशी सेवा सुरू झाली, आणि तिथे एका तळाने साधारण 50 ते 70 किलोमीटरचा परिसर सांभाळावा अशी घडी पुढे बसत गेली. त्या हिशेबाने मध्य गोव्यातील एक तळ संपूर्ण राज्याला पुरतो. कमी पडते ती लोकसंख्या. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती आणि त्यातला मोठा हिस्सा किनारपट्टीवर आहे, त्यामुळे केवळ गोव्यापुरते हेलिकॉप्टर बरेच दिवस बसून राहील. म्हणूनच आमच्या मते ही सेवा गोवा, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नडचा उत्तरेकडील भाग मिळून एका प्रदेशासाठी असावी. तिन्ही राज्यांच्या बाबतीत काय करावे लागेल ते प्रश्न 21 मध्ये आहे.

3. हेलिकॉप्टरने रुग्ण नेमका किती लवकर इस्पितळात पोचेल?

काणकोणच्या चावडीचे उदाहरण घेऊ. तिथून बांबोळी रस्त्याने सुमारे 65 किलोमीटर आणि हवाई रेषेत सुमारे 55 किलोमीटर आहे. एच 135 किंवा एच 145 यांसारखे हेलिकॉप्टर ताशी 230 ते 240 किलोमीटर वेगाने हे अंतर 14 मिनिटांत कापते. त्यात फोन आल्यापासून उड्डाणापर्यंतची 5 मिनिटे आणि जागा पाहून उतरण्याची व रुग्णापर्यंत चालत जाण्याची आणखी 5 मिनिटे मिळवली, की डॉक्टर साधारण 25 मिनिटांत रुग्णाजवळ असतो. पुढे उपचारांना 20 ते 30 मिनिटे, रुग्णाला आत घेण्याचा व बाहेर काढण्याचा वेळ आणि परतीचा प्रवास धरला, तर फोनपासून इस्पितळाच्या दारापर्यंत सव्वा तास सहज जातो. रस्ता मोकळा असेल त्या दिवशी 108 ची गाडी याच्या फार मागे राहत नाही.

हा हिशेब आम्ही प्रत्येक सभेत मांडतो, कारण हेलिकॉप्टर म्हणजे चुटकीसरशी इस्पितळ असा समज ठेवून कोणी देणगी देऊ नये. खरा फरक त्या 25 व्या मिनिटाचा आहे. जो उपचार रुग्णाला दीड-दोन तासांनी बांबोळीत मिळाला असता, तो त्याला रस्त्याच्या कडेलाच मिळतो.

4. रस्त्याच्या कडेला डॉक्टर असे काय करू शकतो, जे 108 चे कर्मचारी करू शकत नाहीत?

108 चे कर्मचारी प्राणवायू, सलाईन, रक्तस्राव दाबून धरणे, मान आणि हाडे स्थिर करणे ही कामे करतात, आणि बहुसंख्य रुग्णांना तेवढेच लागते. थोड्या रुग्णांना मात्र त्यापलीकडचे लागते. डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाचा श्वासमार्ग बंद होत असेल, तर त्याला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालावी लागते, नाहीतर प्राणवायूअभावी मेंदूची दुसरी इजा होते आणि ती पहिलीपेक्षा वाईट ठरू शकते. छातीत हवा कोंडून फुप्फुस दबले असेल, तर बरगड्यांमध्ये छेद देऊन ती हवा तिथल्या तिथे मोकळी करावी लागते. रक्त फार गेले असेल तर सलाईनने भागत नाही, रक्तच द्यावे लागते. लंडनच्या हवाई रुग्णसेवेने 2012 पासून घटनास्थळी रक्त द्यायला सुरुवात केली. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध जखमीला इजेनंतर 3 तासांच्या आत दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील मोठ्या चाचणीत दिसले. जितके लवकर द्यावे तितका त्याचा लाभ अधिक.

5. मग हेलिकॉप्टरसाठी वेगळा फोन नंबर असणार का?

नसावा, असे आमचे ठाम मत आहे. घाबरलेल्या माणसाला दोन नंबरांतून एक निवडायला लावणे योग्य नाही. फोन 108 वरच यावा आणि त्याच नियंत्रण कक्षात एक अनुभवी पॅरामेडिक बसून येणारे फोन ऐकत राहावा. बसची धडक, झाडावरून किंवा उंचावरून पडणे, गाडीत अडकलेला माणूस, बेशुद्ध मूल अशा ठरलेल्या खुणा कानावर पडताच त्याने हेलिकॉप्टर सोडावे आणि गरज नाही असे कळताच परत बोलवावे. काही फेऱ्या अर्ध्या वाटेवरून परततील. जगभर तसे होते आणि तो अपव्यय मानला जात नाही, कारण खात्री होईपर्यंत थांबले तर वेळेचा सगळा लाभ हातचा जातो. माणूस माडावरून पडला म्हणून शेजाऱ्याने थेट सेवेच्या कार्यालयात फोन केला, तरी तो 108 कडेच वळवला जाईल.

6. हार्ट ॲटॅक, सर्पदंश, बाळंतपण, समुद्रात बुडणे, या सगळ्यांना हेलिकॉप्टर येईल का?

प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्यात 'स्टेमी गोवा' प्रकल्प आहे. त्यात गावातल्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो तज्ज्ञांकडे पाठवला जातो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन स्थानिक पातळीवरच देता येते. अशा रुग्णाने हेलिकॉप्टरची वाट पाहू नये, जवळचे केंद्र गाठावे. रुग्णाचे हृदय वारंवार बंद पडत असेल किंवा रक्तदाब सावरत नसेल तर गोष्ट वेगळी.

सर्पदंशातही पहिले पाऊल प्रतिविष असलेले जवळचे आरोग्य केंद्र हेच आहे. घोणस चावून रक्त गोठेनासे झाले किंवा मण्यार चावून श्वास मंदावला, तर मात्र श्वासाचा आधार देणारा डॉक्टर केंद्रावर पोचवणे मोलाचे ठरते.

बुडणाऱ्याचे भवितव्य पहिल्या काही मिनिटांत ठरते आणि ते किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाच्या हातात असते. हेलिकॉप्टरचा उपयोग झालाच तर बाहेर काढून श्वास सुरू झालेल्या रुग्णासाठी होईल.

बाळंतपणासाठी हेलिकॉप्टर सहसा योग्य नाही, कारण आत जागा इतकी कमी असते की हवेत प्रसूती झाल्यास आई आणि बाळ दोघांकडे पाहणे कठीण होते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हा अपवाद आहे, कारण तिथे रक्त आणि डॉक्टर दोन्ही लागतात.

7. आमच्या गावात हेलिपॅड नाही. हेलिकॉप्टर उतरणार कुठे?

हेलिपॅड लागत नाही. या आकाराच्या हेलिकॉप्टरला दिवसा सुमारे 30 मीटर लांबी-रुंदीची सपाट, टणक आणि मोकळी जागा पुरते. त्या बाबतीत गोव्याची एक मोठी जमेची बाजू आहे: बहुतेक प्रत्येक गावाला फुटबॉलचे मैदान आहे. पंचायतीने अशा मैदानांची यादी करून ठेवावी आणि प्रत्येकाशेजारून जाणाऱ्या वीजतारा नकाशावर नोंदवाव्यात, कारण हेलिकॉप्टरला सर्वांत मोठा धोका वरून न दिसणाऱ्या तारांचा असतो. माडांच्या रांगेतून गेलेली 11 केव्हीची तार हवेतून पाहताना झावळ्यांत हरवून जाते.

उतरताना पंख्यांखाली उठणारा वारा वादळासारखा असतो. माटवावरची चुडते, सुटे पत्रे, जत्रेच्या मंडपाची कापडे, गोलपोस्टची ढिली जाळी, वाळत घातलेले कपडे, सगळे उचलले जाते आणि पंख्यात ओढले जाऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत सुक्या मैदानावरची लाल धूळ अशी उठते की शेवटच्या काही फुटांत वैमानिकाला जमीन दिसत नाही. आग विझवणारा पाण्याचा बंब जवळ असेल आणि त्याने मैदान आधी भिजवले, तर मोठी मदत होते. गावकऱ्यांनी करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: मुले व गुरे दूर न्यावीत, मैदान मोकळे करावे, आणि पंखे पूर्ण थांबल्याशिवाय किंवा कर्मचाऱ्याने हाताने बोलावल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये. मागच्या शेपटीकडून तर कधीच जाऊ नये.

खाजन जमिनी (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनी) आणि शेते मार्चनंतर कोरडी असतात तेव्हा चालतात. पावसात ती विसरावीत.

8. पावसाळ्यात काय करणार?

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अडचण पाऊस पडण्याची नसून खाली उतरलेल्या ढगांची आहे. चोर्ला, अनमोड, नेत्रावळी या बाजूंना डोंगरमाथ्यावर ढग टेकतात आणि वैमानिकाला जमीन दिसत राहणे ही तर अशा उड्डाणाची पहिली अट असते. त्या महिन्यांत कित्येक दिवस उड्डाण होणार नाही, आणि नेमके ज्या तालुक्यांसाठी ही सेवा उभारायची तेच हुकतील, हे आम्ही देणगीदारांना आधीच सांगतो. यावरचा उपाय म्हणजे तोच डॉक्टर, तेच पॅरामेडिक आणि तेच साहित्य घेऊन धावणारी मोटारगाडी. ब्रिटनमधील अनेक हवाई रुग्णसेवा संस्था खराब हवामानासाठी आणि रात्रीसाठी अशा गाड्या ठेवतात. प्रश्न 22 मध्ये या गाडीविषयी अधिक आहे.

9. रात्रीचे अपघात जास्त गंभीर असतात. रात्री उड्डाण होईल का?

सुरुवातीला नाही. भारतात डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणांना सर्वसाधारणपणे सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी 20 मिनिटांपर्यंत परवानगी नसते. त्यासाठी विशेष मुभा, रात्रदृष्टीची उपकरणे, दोन वैमानिक आणि वेगळे प्रशिक्षण लागते. उजेडाची सोय असलेल्या ठरावीक जागांवर, म्हणजे विमानतळ व इस्पितळाच्या हेलिपॅडवर, रात्री उतरणे हा दुसरा टप्पा असू शकतो. अंधाऱ्या मैदानावर उतरणे त्याच्याही पुढचे. तोपर्यंत रात्रीचे काम गाडीने करावे.

10. खोल समुद्रातला मच्छीमार किंवा दूधसागरच्या दरीत अडकलेला पर्यटक यांना हे हेलिकॉप्टर वर खेचून घेईल का?

नाही. समुद्रातील शोध आणि सुटका हे भारतीय तटरक्षक दलाचे काम आहे, त्यांचा नंबर 1554 आहे, आणि दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर नौदलाची हेलिकॉप्टरे असतात. दोराने माणूस वर घेण्यासाठी वेगळी यंत्रणा आणि सततचा सराव लागतो. त्या यंत्रणेच्या वजनाने आमच्या हेलिकॉप्टरची इंधन व साहित्य नेण्याची क्षमता घटते. सुटका झालेल्या माणसाला किनाऱ्यावर किंवा मोलेच्या बाजूला उपचार देणे मात्र आमच्या कामात बसते.

येथे एक बारीक अपवाद नोंदवतो. स्कूबा डायव्हिंगनंतर सांधे दुखणे, चक्कर किंवा अंग बधिर होणे अशी लक्षणे असलेल्या रुग्णाला उंचावरून नेल्यास रक्तातले वायूचे बुडबुडे वाढतात. त्याला नेलेच तर 300 मीटरपेक्षा खालून न्यावे लागते, आणि तेवढ्या खालून जाता येत नसेल तर रस्ताच बरा.

11. हे सुरक्षित आहे का? उत्तराखंडात अपघात झाला होता ना?

होय, अपघात झाला होता. ऋषिकेशच्या एम्समध्ये 29 ऑक्टोबर 2024 रोजी हेलिकॉप्टर रुग्णसेवेचे उद्घाटन झाले आणि 17 मे 2025 रोजी त्या हेलिकॉप्टरला केदारनाथजवळ उतरताना अपघात झाला. मागचा भाग मोडला, आतील सर्व जण वाचले. अशा सेवेत धोका शून्य नसतो आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आमच्या दृष्टीने तीन अटींवर तडजोड नाही. हेलिकॉप्टर दोन इंजिनांचे असावे आणि एक इंजिन बंद पडले तरी सुरक्षित उतरता किंवा पुढे जाता येईल एवढेच वजन त्यात भरावे. मे महिन्याच्या उष्ण, दमट हवेत हेलिकॉप्टरची उचलण्याची शक्ती घटते, त्यामुळे ही अट कागदावर वाटते त्याहून कडक ठरते. दुसरी अट, वैमानिकाला रुग्णाविषयी काहीही सांगू नये. लहान मूल आहे असे कळले की माणूस हवामानाशी तडजोड करतो, म्हणून त्याला फक्त जागा आणि अंतर कळावे. तिसरी, वैमानिक, डॉक्टर किंवा पॅरामेडिक यांपैकी कोणीही एकाने 'नको' म्हटले की उड्डाण रद्द व्हावे आणि त्याबद्दल कोणी त्याला जाब विचारू नये.

12. तळ कुठे असेल?

मोप येथे 2023 पासून नवा विमानतळ चालू आहे; तिथे इंधन, हँगर आणि हवाई नियंत्रण मिळते, पण दक्षिण टोक दूर पडते. दाबोळी मध्यावर आहे, मात्र तो नौदलाचा तळ असल्याने प्रत्येक उड्डाण त्यांच्या नियंत्रणाशी जुळवून घ्यावे लागेल. डॉक्टर बांबोळीत आहेत. आमची पसंती बांबोळीला, गोमेकॉच्या आवारात किंवा अगदी लगत असलेल्या हेलिपॅडला आहे, म्हणजे डॉक्टर उड्डाण नसताना इस्पितळातच काम करील आणि रुग्ण उतरल्यावर पुन्हा गाडीत घालावा लागणार नाही. मोठी देखभाल मोपला व्हावी. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेमुळे इंजिने वारंवार धुवावी लागतात, तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा.

13. हेलिकॉप्टर विकत घेणार की भाड्याने?

भाड्याने, वैमानिक आणि देखभालीसह. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या कंपनीशी करार करावा. स्वतःचे हेलिकॉप्टर घेतले तर दशकोटींचे भांडवल अडकते, परवान्याची जबाबदारी संस्थेवर येते, आणि ते दुरुस्तीला गेले की सेवा बंद पडते. करारात बदली हेलिकॉप्टर देण्याचे कलम असलेच पाहिजे.

14. खर्च एवढा असतो तर देणगीवर कसा चालेल? सरकारनेच का करू नये?

खर्चाचा मोठा भाग स्थिर असतो: भाडे, वैमानिक, विमा, तळ. महिन्यात 10 उड्डाणे झाली काय किंवा 40 झाली काय, तो तेवढाच राहतो. म्हणून एकदाच मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा दर वर्षी येणाऱ्या लहान देणग्या जास्त कामाच्या. एक लाख कुटुंबांनी वर्षाला 500 रुपये दिले तर 5 कोटी होतात. तेवढ्याने सगळा खर्च निघणार नाही, पण दरवर्षीचा भक्कम पाया मिळतो.

देणगीवर अशी सेवा चालते याचे दाखले जुने आहेत. ब्रिटनमधील पहिली हवाई रुग्णसेवा कॉर्नवॉल या ग्रामीण, किनारी आणि पर्यटकांच्या प्रदेशात 1987 साली सुरू झाली आणि ती देणग्यांवरच वाढली. आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती वेल्सची पद्धत: तिथे हेलिकॉप्टरांचा खर्च 2001 साली सुरू झालेली धर्मादाय संस्था करते आणि 2015 पासून डॉक्टर सरकारी आरोग्यसेवा देते. गोव्यात डॉक्टर गोमेकॉचे, फोन 108 चा आणि हेलिकॉप्टर लोकांचे, अशी वाटणी व्हावी असे आम्हाला वाटते. सगळे सरकारवर सोडले तर निविदा संपल्यावर सेवा थांबू शकते, आणि सगळे संस्थेवर घेतले तर सरकारी इस्पितळाशी सांधा जुळत नाही.

15. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदवावी?

संस्था नोंदणी कायदा 1860 किंवा कंपनी कायदा 2013 मधील कलम 8 हे दोन मार्ग आहेत. कोट्यवधींचा करार, लेखापरीक्षण आणि संचालकांची जबाबदारी पाहता आम्ही कलम 8 ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी सुचवतो. मॉर्फिन आणि फेन्टॅनिल यांसारखी तीव्र वेदना शमवणारी औषधे ठेवण्यासाठी मात्र अमली पदार्थांच्या कायद्याखाली मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था लागते. म्हणून औषधे व रक्त यांची मालकी आणि नोंद इस्पितळाकडे राहिलेली बरी.

16. देणगीवर आयकरात सूट मिळेल का?

संस्थेला आयकर खात्याची त्यासाठीची मान्यता मिळाली की मिळेल. लोकांच्या तोंडी असलेले 80 जी हे 1961 च्या कायद्यातले कलम. 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अशा संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर, ठरलेल्या मर्यादेत, वजावट मिळते. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास वजावट नाही, वस्तूरूप देणगीवर नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदारालाही ती मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा पुष्कळांना माहीत नसतो.

17. कंपन्यांचा सीएसआर निधी लगेच मिळू शकतो का?

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामांवर खर्च करायचा निधी. आरोग्यसेवा कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात येते, त्यामुळे विषय पात्र आहे. पण सरकारने किंवा त्या कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसलेली संस्था असेल, तर तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या संस्थेला पहिल्या दिवशी दार बंद आहे. ते कसे उघडावे याचे उत्तर प्रश्न 22 मध्ये आहे.

18. मी मूळचा गोव्याचा, लंडनला राहतो, पोर्तुगीज पासपोर्ट आहे. माझी देणगी चालेल का?

सध्या नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची रक्कम मात्र, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, परकीयच धरली जाते. ती घेण्यासाठी परकीय देणगी नियमन कायदा 2010 खाली नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असून तिने त्या काळात मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. अशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकते.

एका घरात भावाकडे भारतीय पासपोर्ट आणि बहिणीकडे पोर्तुगीज, अशी स्थिती गोव्यात नवी नाही. बहिणीने आपले पैसे भावाच्या नावाने पाठवू नयेत. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडून ती रक्कम आमच्याकडे वळवणेही 2020 च्या दुरुस्तीनंतर बंद झाले आहे.

19. वर्गणीदार झालो तर माझ्या घरच्यांसाठी हेलिकॉप्टर नक्की येईल ना?

नाही, आणि तसे वचन आम्ही देणार नाही. हेलिकॉप्टर कुठे जावे हे फोनवर कळलेल्या गांभीर्यावर ठरते, त्यात देणगीदारांची यादी कोणी पाहत नाही. शिवाय वर्गणीच्या बदल्यात सेवेची हमी विकणे हा विम्याचा व्यवसाय ठरू शकतो आणि त्याला विमा नियामकाचा परवाना लागतो. स्वित्झर्लंडची 1952 साली स्थापन झालेली 'रेगा' लाखो वर्गणीदारांवर चालते. तिथेही वर्गणीदाराला खर्चात सवलत मिळते ती संस्थेच्या इच्छेने, हक्काने नव्हे.

देवस्थाने आणि कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था) यांच्याबाबतही विचारणा होते. जत्रेतल्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे, उत्पन्न देण्याची तयारी काही महाजनांनी दाखवली आहे, पण या संस्थांचा कारभार त्यांच्या स्वतंत्र नियमांखाली आणि प्रशासकाच्या देखरेखीत चालतो, म्हणून रीतसर ठराव आणि मंजुरी आधी घ्यावी.

20. रुग्णाला किंवा पर्यटकाला पैसे भरावे लागतील का?

कोणालाही नाही, रहिवासी असो वा पर्यटक. उतरण्यापूर्वी पैशांचा विचार करावा लागला की सेवेचा पाया ढासळतो. परदेशी पर्यटकाचा प्रवासविमा असेल तर नंतर विमा कंपनीकडे मागणी करता येईल, पण ती नाकारली गेली म्हणून रुग्णाच्या मागे लागू नये.

21. सावंतवाडी, दोडामार्ग किंवा कारवारला गोव्याचे हेलिकॉप्टर कसे जाईल? राज्य वेगळे ना?

उड्डाणाला राज्याची सीमा आडवी येत नाही, फोनला येते. दोडामार्गहून केलेला 108 चा फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो आणि कारवारचा कर्नाटकाच्या. तिथून बांबोळीच्या कक्षाला तत्काळ कळवण्याची लेखी व्यवस्था झाल्याशिवाय सीमेपलीकडची सेवा कागदावरच राहील. सिंधुदुर्गातले रुग्ण वर्षानुवर्षे गोमेकॉत येत आहेत आणि उत्तर कन्नडचे लोक मोठ्या इस्पितळासाठी दीर्घकाळ मागणी करीत आहेत, त्यामुळे गरज सिद्ध करायची उरलेली नाही. तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांत करार, गोमेकॉत त्या रुग्णांच्या उपचारखर्चाची सोय, आणि पोलिसी प्रकरणाची नोंद कोणत्या ठाण्यात व्हावी याची स्पष्टता, एवढे व्हायला हवे. पहिल्या वर्षी केवळ गोवा आणि दुसऱ्या वर्षापासून सिंधुदुर्ग, असा क्रम आम्हाला व्यवहार्य वाटतो.

22. सुरुवात कधी आणि कशाने होणार?

मोटारगाडीने. एक गाडी, गोमेकॉचा एक डॉक्टर, एक पॅरामेडिक, हेलिकॉप्टरमध्ये असेल तेच साहित्य, आणि 108 कक्षात फोन ऐकणारा माणूस. ही गाडी फोंडा किंवा केपे येथे ठेवली तर अंतर्भागातील तालुके तिच्या आवाक्यात येतात. तीन वर्षे तिने नीट काम केले की सीएसआर आणि परकीय देणगी या दोन्हींसाठी लागणारा अनुभव कागदोपत्री तयार होतो. त्याहून मोलाचे म्हणजे कोणत्या वाड्यावर, कोणत्या वेळी, कोणत्या रुग्णापर्यंत आपण पोचू शकलो नाही, याची प्रामाणिक नोंद हातात येते. त्या नोंदीतून हेलिकॉप्टरची गरज दिसली नाही, तर ते घेऊ नये आणि गाड्या वाढवाव्यात. हे आम्ही देणगीदारांना लेखी देतो.

23. हेलिकॉप्टरमध्ये नातेवाईकाला सोबत बसता येईल का? रुग्ण वाटेत दगावला तर?

लहान मुलासोबत आई किंवा वडील, वजन आणि जागा परवानगी देत असेल तर. इतरांना सहसा नाही. घटनास्थळीच मृत्यू झाला असेल तर हेलिकॉप्टरने पार्थिव नेले जात नाही. हवेत असताना हृदय थांबले तर उपचार सुरू ठेवून इस्पितळात उतरवले जाते आणि निर्णय तिथले डॉक्टर घेतात. अशा वेळी कुटुंबाशी बोलायला दुसऱ्या दिवशी सेवेतलाच कोणी घरी जावा, असा नियम आम्ही आराखड्यात घातला आहे.

24. एकाच वेळी सांगे आणि पेडणे अशा दोन ठिकाणांहून फोन आले तर?

हेलिकॉप्टर एकच, त्यामुळे जिथे डॉक्टर पोचल्याने अधिक फरक पडेल तिथे ते जाते. पेडण्याहून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ आहे, म्हणून दोन्ही रुग्ण सारखेच गंभीर असतील तर हेलिकॉप्टर सांग्याला आणि गाडी किंवा 108 पेडण्याला. निघाल्यानंतर दुसरीकडचा रुग्ण अधिक गंभीर असल्याचे कळले, तर पहिल्या ठिकाणी 108 पोचली असल्याची खात्री करूनच वाट बदलता येते. हा निर्णय नियंत्रण कक्षातला पॅरामेडिक आणि हेलिकॉप्टरमधला डॉक्टर मिळून घेतात. आमदार, सरपंच किंवा देणगीदार यांच्या फोनवरून तो बदलला जात नाही, आणि असा फोन आल्यास त्याची नोंद वार्षिक अहवालात केली जाईल.